आधी शून्य, मग लॅन्थॅनम: एका जनुक-स्विचच्या प्रयोगाच्या नोंदी

मिथेनॉलवर वाढणाऱ्या मिथायलोरुब्रम एक्स्टॉर्क्वेन्स या गुलाबी बॅक्टेरियाकडे मिथेनॉल पचवणारी दोन प्रकारची एन्झाइम आहेत. एकाला कॅल्शियम लागतं, तर दुसऱ्याला लॅन्थॅनम किंवा सिरियमसारखा हलका दुर्मिळ मृदा धातू. असा धातू माध्यमात मिळाला की पेशी पहिल्याचं जनुक (एमएक्सए-एफ) दाबून टाकते आणि दुसऱ्याचं (झॉक्स-एफ) वर आणते. हा स्विच स्वतःच्या हाताने दाखवायचा आणि धातू टाकल्यापासून तो किती वेळात पलटतो ते मोजायचं, एवढंच काम होतं. सहा आठवडे धरले होते, अकरा लागले. ज्यांना हाच प्रयोग करायचा आहे त्यांनी बाकी काही नाही तरी १९ जूनपर्यंतचा भाग वाचावा.

३ जून

सामान जमवलं. वंश चार: मूळ एएम-१, एमएक्सए-एफ काढून टाकलेला म्युटंट, आणि मूळ वंशातच रिपोर्टर प्लाझ्मिड (जनुक चालू आहे का ते चमकून सांगणारा, बाहेरून घातलेला डीएनए) घातलेले दोन. एका प्लाझ्मिडात एमएक्सएच्या प्रमोटरपुढे (जनुक चालू-बंद करणाऱ्या डीएनएच्या तुकड्यापुढे) व्हीनस हे पिवळं चमकणारं प्रथिन आहे, दुसऱ्यात झॉक्स-१ च्या प्रमोटरपुढे तेच. माध्यमात पाइप्स बफर, थोडं फॉस्फेट, सायट्रेटमध्ये बांधलेले सूक्ष्म धातू आणि २० मायक्रोमोलर कॅल्शियम क्लोराइड. मिथेनॉल ०.५ टक्के, म्हणजे ५० मिलिलिटरला २५० मायक्रोलिटर. तापमान ३० अंश.

लॅन्थॅनम क्लोराइड हेप्टाहायड्रेटचा रेणुभार ३७१.४. १० मिलिलिटरला ३७ मिलिग्रॅम घेतलं की १० मिलिमोलरचा साठा होतो. त्यातले १० मायक्रोलिटर ५० मिलिलिटर कल्चरमध्ये गेले की २ मायक्रोमोलर.

५ जून

पहिला साठा वाया घालवला. पाण्याऐवजी हाताशी होता म्हणून फॉस्फेट बफर घेतला. मीठ पडलं तिथून पांढरा धूर निघाल्यासारखा पसरला आणि नळी हलवताच सगळा द्राव दुधासारखा झाला. अर्ध्या तासाने तळाशी पांढरी पूड बसली आणि वर स्वच्छ पाणी. लॅन्थॅनम फॉस्फेट जवळजवळ अविद्राव्य असतं, हे वाचलेलं होतं पण हाताला लक्षात नव्हतं. वरचा स्वच्छ भाग साठा म्हणून वापरला असता तर वहीत "लॅन्थॅनम टाकलं" असं लिहिलं गेलं असतं आणि कल्चरमध्ये काहीच गेलं नसतं.

आता साठा शुद्ध पाण्यात करते, त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल १ मिलिमोलर. ऑटोक्लेव्ह करत नाही, ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळते. माध्यम पूर्ण थंड झाल्यावर सगळ्यात शेवटी टाकते.

९ जून

पहिली वाढ. चार फ्लास्क: मूळ वंश आणि म्युटंट, दोन्ही लॅन्थॅनमसह आणि लॅन्थॅनमशिवाय. म्युटंटकडे कॅल्शियमवालं एन्झाइमच नाही, त्यामुळे लॅन्थॅनमशिवाय तो मिथेनॉलवर जागचा हलता कामा नये. हलला. दोन दिवसांत ओडी (कल्चरचा गढूळपणा, म्हणजे पेशी किती झाल्या त्याचं माप) ०.०२ वरून ०.४ वर. लॅन्थॅनमवाल्या फ्लास्कपेक्षा कितीतरी संथ, पण वाढ ती वाढच.

मला आधी वंशातच भेसळ झाली असं वाटलं. कॉलनी वेगळ्या केल्या, पीसीआर लावला. जनुक खरोखरच काढलेलं आहे, आजूबाजूचं दुसरं काही शिरलेलं नाही. यात दोन दिवस गेले.

११ जून

मॅडमना आलेख दाखवला. त्यांनी एकच विचारलं: "तुझ्या शून्यात लॅन्थॅनम किती आहे?" मी "टाकलेलं नाही" म्हणाले. त्या म्हणाल्या, "टाकलेलं नाही हे मला कळलं. आहे किती, ते विचारते आहे."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कॅल्शियम मायक्रोमोलरमध्ये लागतं, पण या धातूंचं काम नॅनोमोलरमध्ये सुरू होतं. एवढा अंश काचेतून उतरतो, मिठांच्या अशुद्धीतून येतो, आधीच्या कोणाच्या प्रयोगातून फ्लास्कच्या भिंतीला चिकटून राहतो. आमच्याकडे इतक्या खालच्या पातळीवर धातू मोजायचं यंत्र हाताशी नाही. मग ठरवलं की म्युटंटलाच मोजमाप करायचं. शून्याच्या फ्लास्कमध्ये तो वाढला म्हणजे शून्य खोटं.

१२ ते १९ जून

या आठ दिवसांत एकही जनुक मोजलं नाही. फक्त शून्य शोधत होते.

घाईत सगळं एकदम बदललं: प्लास्टिकची भांडी, नवं कॅल्शियम, नवं पाणी. वाढ कमी झाली, थांबली नाही, आणि कशामुळे कमी झाली तेही कळेना. तीन दिवस पाण्यात. मग एकेक गोष्ट बदलायला घेतली.

सर्वात मोठा वाटा काचेचा निघाला. पॉलिप्रोपिलीनच्या झाकणाच्या बाटल्या घेतल्या, १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर भिजवल्या, शुद्ध पाण्याने सहा वेळा धुतल्या. म्युटंटची ४८ तासांची ओडी ०.४ वरून ०.१५ वर आली.

दुसरा वाटा प्रीकल्चरचा, म्हणजे प्रयोगाआधी वाढवून घेतलेल्या पेशींचा. मी ते मिथेनॉलऐवजी सक्सिनेट या दुसऱ्या अन्नावर, पण काचेच्या नळीत वाढवत होते. या पेशी धातू आत ओढून फॉस्फेटबरोबर साठवूनही ठेवतात, त्यामुळे नुसतं धुऊन भागत नाही. आतली शिदोरी संपायला हवी. आता प्लास्टिकमध्ये, लॅन्थॅनमशिवाय, सक्सिनेटवर सलग तीन वेळा पुढे नेते, दरवेळी १:१०० विरळ करून. ओडी ०.०६ झाली.

०.०६ वर अडकले आणि तिथे माझी खरी कसोटी लागली. पाणी बदललं, कॅल्शियम क्लोराइड जास्त शुद्ध घेतलं, मॅग्नेशियम सल्फेट बदललं, थोडा थोडा फरक. १८ तारखेला पाइप्स विरघळवताना सोडियम हायड्रॉक्साइडच्या बाटलीकडे लक्ष गेलं. पाइप्स आम्लरूपात विरघळत नाही, अल्कली टाकावीच लागते, आणि ती टाकत होते १० मोलरच्या सामाईक बाटलीतून. बाटली काचेची. आतून हात फिरवला तर काच खरखरीत लागली, पृष्ठभाग धुरकट झालेला. तीव्र अल्कली काच खाते. म्हणजे प्लास्टिकच्या बाटलीत मी स्वतःच्या हाताने विरघळलेली काच ओतत होते. नवे दाणे घेऊन प्लास्टिकमध्ये ताजा द्राव केला. मोजपात्रही प्लास्टिकचं केलं.

२३ जून

शून्य मिळालं. म्युटंट ९६ तास ओडी ०.०२ वर स्थिर. शेजारच्या बाटलीत, फक्त १० मायक्रोलिटर साठा जास्त, ४८ तासांत १.८. दोन्ही बाटल्या उजेडासमोर धरल्या: एक पाण्यासारखी नितळ, दुसरीत हलवलं की गुलाबी भोवरा फिरतो. मी बराच वेळ त्या तशाच धरून उभी होते. प्रकल्पाचा खरा पाया आज पडला.

हे एन्झाइम इतकी वर्षं कोणाच्या लक्षात का आलं नसेल, ते आता हाताला कळलं. झॉक्स-एफचा जनुकक्रम माहीत होता, पण प्रयोगशाळेच्या माध्यमात हे धातू कोणी मुद्दाम टाकतच नव्हतं. त्यामुळे एमएक्सए-एफ गेलं की बॅक्टेरिया मिथेनॉलवर वाढत नाही, एवढंच दिसायचं. २०११-१२ च्या सुमारास जपानी गटांनी लॅन्थॅनम आणि सिरियमचा संबंध दाखवला. २०१४ मध्ये नेदरलँड्समधल्या आर्यन पोल आणि सहकाऱ्यांनी इटलीतल्या सॉल्फातारा ज्वालामुखीच्या चिखलातला मिथायलॅसिडिफायलम फ्युमॅरियोलिकम हा बॅक्टेरिया घेतला. त्या चिखलाचं पाणी माध्यमात घातल्याशिवाय तो नीट वाढतच नव्हता, आणि पाण्यातली ती गोष्ट म्हणजे दुर्मिळ मृदा धातू निघाले. त्यांना पाण्यात काय आहे ते शोधावं लागलं, मला काचेत काय आहे ते.

२६ जून

रिपोर्टर. लॅन्थॅनमशिवाय एमएक्सएचं प्लाझ्मिड झगझगीत, झॉक्सचं मंद. २ मायक्रोमोलर लॅन्थॅनममध्ये बरोबर उलट. पेशींचा गुलाबी रंग वाचनात ढवळाढवळ करतो, म्हणून प्रमोटर नसलेलं प्लाझ्मिड घातलेला वंश प्रत्येक प्लेटवर हवाच. पहिल्या प्लेटवर तो ठेवला नव्हता, ती प्लेट टाकून दिली.

लॅन्थॅनम नसतानाही झॉक्सचा रिपोर्टर पार्श्वभूमीपेक्षा थोडा वर असतो. ही चूक नाही. हे पुढे २८ जुलैला उपयोगी पडलं.

२ जुलै

आता वेळ मोजायची. लॅन्थॅनमशिवाय वाढवलेल्या कल्चरमध्ये ओडी ०.३ ला धातू टाकला, दर अर्ध्या तासाने चमक वाचली. झॉक्स दोन तासांत चढायला लागलं. एमएक्सए मात्र खाली येईना. चार तासांनी निम्मं, आठ तासांनी पाव. मी वहीत लिहिलं: "झॉक्स लवकर चालू होतं, एमएक्सए सावकाश बंद होतं."

हे वाक्य मी खोडलं आहे, पण मुद्दाम वाचता येईल असं ठेवलं आहे. व्हीनस टिकाऊ प्रथिन आहे. जनुक बंद झालं तरी आधी तयार झालेलं प्रथिन पेशीत तसंच राहतं, ते फक्त पेशी विभागल्याने वाटलं जातं. या कल्चरचा दुप्पट व्हायचा वेळ चार तासांच्या आसपास आहे. चार तासांनी निम्मं, आठ तासांनी पाव, हा आकडा स्विचचा नाहीच, पेशीविभाजनाचा आहे. चालू होणं या रिपोर्टरने पाहता येतं, बंद होण्याचा वेग नाही. त्यासाठी चालू जनुकावरून बनणारी नक्कल, म्हणजे आरएनएच काढायला हवा.

७ जुलै

आरएनए, पहिला प्रयत्न. कल्चर नेहमीसारखं सेंट्रिफ्यूजला लावलं, दहा मिनिटं. बॅक्टेरियाचा एमआरएनए मिनिटांत मोडतो, म्हणजे गोळा तयार होईपर्यंत मी मोजायला निघालेली गोष्टच संपत होती. आता कल्चरच्या आठव्या हिश्शाइतका, ५ टक्के फिनॉल असलेला थंड इथेनॉल आधी ओतते, मग सेंट्रिफ्यूज. हातमोजे आणि वाफा ओढून घेणारं कपाट (फ्यूम हूड) याशिवाय हे करू नये.

दुसरी अडचण: रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेल्या कंट्रोलमध्ये सीटी २४ आला (सीटी म्हणजे पीसीआरच्या कितव्या सायकलला खूण दिसते तो आकडा; तो जितका कमी तितका माल जास्त). म्हणजे नळीत डीएनए राहिलेला आहे. डीएनए तोडणारं डीनेज एकदा कॉलमवर आणि एकदा द्रावात, असं दोनदा केल्यावर तो ३४ च्या पुढे गेला. आधीचे बारा नमुने बाद.

१४ जुलै

प्रायमरमध्ये (पीसीआरला नेमकं जनुक दाखवणारे डीएनएचे छोटे तुकडे) आठवडा गेला. या जीनोममध्ये डीएनएच्या चार अक्षरांपैकी जी आणि सी जवळजवळ ६९ टक्के आहेत. प्रायमर एकमेकांना चिकटतात, साचा नीट उघडत नाही. ५ टक्के डीएमएसओ घातल्यावर मेल्ट कर्व्हला एकच शिखर आलं, म्हणजे एकच तुकडा बनत होता.

पण तेवढ्याने झालं नाही. एएम-१ मध्ये झॉक्स-एफच्या दोन प्रती आहेत, झॉक्स-एफ-१ आणि झॉक्स-एफ-२, आणि त्यांची प्रथिनं सुमारे ९० टक्के सारखी. माझे प्रायमर दोन्हींना धरत होते. मला हवी होती ती पहिली प्रत. जनुकाच्या आतली जागा सोडून सुरुवातीच्या टोकाला, जिथे दोघांचे क्रम वेगळे पडतात, तिथे नवे प्रायमर केले. तपासायला पहिली प्रत काढलेला म्युटंट वापरला: त्यात रेघ आली नाही तरच प्रायमर खरे.

२१ जुलै

तीन स्वतंत्र कल्चर, पाच वेळा. तुलनेसाठी आरपीओबी हे न बदलणारं जनुक, त्याचा सीटी सगळीकडे १६ च्या आसपास. खालचे सीटीचे आकडे तिन्हींची सरासरी.

एमएक्सए-एफ: धातू टाकण्याआधी १७.८, दहा मिनिटांनी १८.०, अर्ध्या तासाने २०.१, एका तासाने २२.६, दोन तासांनी २३.९. सुमारे सहा सायकलचा फरक, म्हणजे साठेक पट घट. झॉक्स-एफ-१: २२.५ वरून दोन तासांत १८.४, म्हणजे सोळा-सतरा पट वाढ.

२ जुलैचं खोडलेलं वाक्य याच्याशेजारी ठेवून बघा. एमएक्सए आठ तास रेंगाळत नाही, तासाभरात जातं. पहिल्या दहा मिनिटांत मात्र दोन्हीकडे हालचाल नाही. माझ्या मते हा वेळ धातू आत शिरायला लागत असावा. बाहेरचं पटल ओलांडायला या पेशीला टॉन-बी जातीचं खास दार लागतं, धातू नुसता झिरपत नाही.

२८ जुलै ते ५ ऑगस्ट

झॉक्स-एफच्या दोन्ही प्रती काढलेला म्युटंट कंट्रोल म्हणून घेतला, लॅन्थॅनमशिवाय. कल्पना साधी होती: कॅल्शियमचं एन्झाइम शाबूत आहे, तेव्हा हा मजेत वाढेल. पाच दिवस काहीच नाही. सहाव्या दिवशी अचानक पूर्ण वाढ, तीही तीनपैकी दोनच बाटल्यांत.

पुन्हा भेसळीचा संशय, पुन्हा पीसीआर. दोन्ही प्रती नाहीतच. मग जुने पेपर उघडले आणि २०११ मध्येच हे लिहिलेलं सापडलं: झॉक्स-एफ पूर्ण नसेल तर एमएक्सएची जनुकं चालूच होत नाहीत. ज्याचं काम फक्त लॅन्थॅनम असताना आहे असं मी धरून चालले होते, ते प्रथिन धातू नसतानाही दुसऱ्या एन्झाइमच्या जनुकांना हिरवा कंदील देतं. २६ जूनला झॉक्स पूर्ण शून्यावर का नव्हतं, त्याचा अर्थ इथे लागला. आणि उशिरा वाढतात त्या पेशींनी वेगळीच वाट काढलेली असते: एमएक्सबी-डी या संवेदक कायनेजमध्ये बदल, ज्यामुळे एमएक्सए कायमचं चालू राहतं. माझ्या दोन बाटल्यांतलं एमएक्सबी-डी वाचून घेतलं. दोन्हींत एकेक अक्षर बदललेलं होतं, वेगवेगळ्या जागी.

आठ दिवस गेले, पण मला या प्रकल्पात सर्वात जास्त आवडलेली गोष्ट हीच. हा वंश घेणाऱ्यांनी तीन दिवसांपलीकडे थांबू नये. त्यानंतर वाढलेली पेशी ही तुम्ही टाकलेली पेशी नसते.

१० ऑगस्ट

लॅन्थॅनमचं प्रमाण कमी करत नेलं: २०००, ५००, १००, ५०, १० नॅनोमोलर, मूळ वंशात. १०० आणि वर चित्र स्वच्छ. १० ला विचित्र. ओडी ०.१ ला नमुना घेतला तर झॉक्स वर, एमएक्सए खाली. त्याच बाटलीतून ओडी ०.८ ला घेतला तर एमएक्सए परत वर आलेलं.

बाटलीत धातू तेवढाच आहे, पेशी आठपट झाल्या आहेत. म्हणजे दर पेशीला आठवा हिस्सा. "१० नॅनोमोलरला स्विच पलटतो का?" या प्रश्नाला एक उत्तर नाही, किती पेशी तो धातू वाटून घेत आहेत ते सांगावं लागतं. कमी प्रमाणाचे आकडे देताना ओडी शेजारी लिहावी. मी पहिल्या फेरीत लिहिली नव्हती, ती फेरी पुन्हा केली.

१५ ऑगस्ट

इतर धातू, एमएक्सए-एफ काढलेल्या म्युटंटवर, प्रत्येकी २ मायक्रोमोलर. सिरियम आणि निओडिमियमवर लॅन्थॅनमइतकीच वाढ. समॅरियमवर संथ. यटर्बियम जड आहे, त्याच्यावर वाढ अपेक्षित नाही, पण ओडी ०.३ पर्यंत गेली आणि तिथेच थांबली.

एव्हाना असा आलेख ओळखता यायला लागला होता. धातू चालत असता तर वाढ पूर्ण झाली असती, चालत नसता तर सुरूच झाली नसती. मध्येच थांबली म्हणजे काहीतरी संपलं. बाटलीवर शुद्धता ९९ टक्के लिहिलेली. उरलेला एक टक्का जर हलक्या भावंडांचा असेल तर २ मायक्रोमोलरमध्ये २० नॅनोमोलर, आणि तेवढ्याने सुरुवात होते हे पाच दिवसांपूर्वीच दिसलं होतं. ९९.९९ टक्क्यांचं यटर्बियम आणून लावलं आहे.

१८ ऑगस्ट

७२ तास झाले. नव्या यटर्बियममध्ये ओडी ०.०२. नितळ.

वंश ग्लिसरॉलमध्ये उणे ८० ला ठेवले. दोन्ही प्रती काढलेल्या म्युटंटच्या कुप्या सक्सिनेटवर वाढवून भरल्या आहेत, मिथेनॉलवर वाढवलेली एकही ठेवलेली नाही. आम्लात भिजवायच्या बाटल्या वेगळ्या पेटीत आहेत. सोडियम हायड्रॉक्साइडचा नवा द्राव प्लास्टिकच्या बाटलीत, खालच्या कप्प्यात, झाकणावर तारीख आणि "काचेत ओतू नये" असं लिहिलेला. सिरियमवर आरएनए काढायचं बाकी आहे. पाच वेळांचे नमुने फिनॉल-इथेनॉलने थांबवून डबा क्रमांक ३ मध्ये ठेवले आहेत.